प्रकाशाने घट्ट होणारं रेझिन : त्यातला रेणू संगणकावर शोधताना नेमकं काय मोजायचं?

तापीकाठची (धागाकर्ती)

जळगावच्या सराफ बाजारात कॅडवर नक्षी काढायची, रेझिनमध्ये तिचा प्रिंट घ्यायचा आणि तोच प्लास्टरमध्ये पुरून कास्टिंग करायचं, ही पद्धत आता चांगली रुळली आहे. माझ्या मावसभावाचं हेच काम. परवा त्याने विचारलं, "ताई, या बाटलीत असं काय असतं गं, की जांभळा उजेड पडला की दोन-तीन सेकंदांत थर घट्ट होतो, आणि लाल दिव्याखाली तेच रेझिन तासन् तास पातळच राहतं?" माझं संशोधन याच प्रश्नाभोवती आहे, म्हणून उत्तर इथे सविस्तर लिहिते. आपल्या भागातले केमिस्ट्रीवाले, प्रिंटिंगवाले इथे बरेच आहेत. त्यांनी यात भर घालावी, चुकत असेल तिथे अडवावं.

बाटलीत मुख्यतः अ‍ॅक्रिलेट मोनोमर (सुटे छोटे रेणू) आणि ऑलिगोमर (त्यांच्या आखूड साखळ्या) असतात. त्यांची साखळी सुरू व्हायला फ्री रॅडिकल (एकटा इलेक्ट्रॉन असलेले अतिक्रियाशील तुकडे) लागतात आणि ते पुरवायला थोडासा फोटोइनिशिएटर घातलेला असतो. ४०५ नॅनोमीटरच्या प्रिंटरसाठी बहुधा टीपीओ किंवा बीएपीओ वापरतात. ही दोन्ही फॉस्फिन ऑक्साइड. जांभळा प्रकाश शोषला की त्यांचा कार्बन-फॉस्फरस बंध तुटतो आणि एका रेणूतून दोन रॅडिकल निघतात. ४०५ नॅनोमीटरच्या फोटॉनमध्ये ३.०६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा असते. ५३० च्या हिरव्या फोटॉनमध्ये २.३४ आणि ६३० च्या तांबड्यामध्ये जेमतेम १.९७. टीपीओ तांबडा प्रकाश शोषतच नाही, म्हणून लाल दिव्याखाली रेझिन सुरक्षित.

मग जांभळ्यावर काम भागतंय तर हिरव्या-तांबड्याची उठाठेव कशाला? एक तर तरंगलांबी वाढली की प्रकाश कमी विखुरतो. रेझिनमध्ये मेण, सिरॅमिक पावडर असं काही भरलेलं असेल तर हिरवा प्रकाश जास्त आत पोचतो. जिवंत पेशी मिसळलेल्या हायड्रोजेलमध्ये प्रिंट करायचं तर जांभळा आणि अतिनील प्रकाश पेशींना मारक. दोन वेगळ्या रंगांनी दोन वेगळी रेझिनं एकाच भांड्यात घट्ट करता आली तर एकाच वस्तूत कडक आणि लवचिक भाग घेता येतात. आणि टीपीओबद्दल आरोग्याचे प्रश्न आता गंभीर झाले आहेत. प्रजननावर परिणाम करणारं रसायन म्हणून युरोपात २०२३ मध्ये ते अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत गेलं आणि १ सप्टेंबर २०२५ पासून तिथे नखांच्या जेलसकट सगळ्या सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी आहे. पर्याय शोधणं आता टाळता येणार नाही.

अडचण अशी की हिरव्या फोटॉनमध्ये मजबूत बंध थेट तोडण्याएवढा दम नसतो. त्यामुळे वेगळी व्यवस्था लागते. एक सेंद्रिय रंगद्रव्य प्रकाश शोषतं, उत्तेजित होतं, आणि शेजारच्या रेणूशी इलेक्ट्रॉनची देवघेव करतं. आयोडोनियम क्षाराने इलेक्ट्रॉन घेतला की तो तुटून रॅडिकल देतो. बोरेटने इलेक्ट्रॉन दिला की तोही रॅडिकल देतो आणि रंगद्रव्य पुन्हा मूळ स्थितीला येऊन पुढच्या फेरीला तयार होतं. हे रंगद्रव्य म्हणजे फोटोसेन्सिटायझर.

आता माझा मुख्य मुद्दा. नवखे लोक, आणि अनेक शोधनिबंधही, सेन्सिटायझर निवडताना फक्त रंग बघतात. ५३० ला शोषण हवं ना, मग ५३० ला शोषणारा रेणू आणा. एवढ्यावर भागत नाही. बॉडिपी नावाचं रंगद्रव्य घ्या. १९६८ पासून माहीत असलेला हा रेणू ५०० नॅनोमीटरच्या आसपास अफाट शोषण करतो. पण साधा बॉडिपी घेतलेली ऊर्जा काही नॅनोसेकंदांत चमकून बाहेर टाकतो. रेझिनमध्ये शेजारचा आयोडोनियम रेणू त्याच्यापर्यंत पोचायच्या आत खेळ आटोपलेला असतो. कामाचा सेन्सिटायझर तो, जो सिंगलेट अवस्थेतून (दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन उलट) ट्रिपलेटमध्ये (दोघांचे स्पिन एकाच दिशेचे) उतरतो. ट्रिपलेट मायक्रोसेकंद किंवा त्याहून जास्त टिकते, म्हणजे हजारपट वेळ मिळतो आणि दाट रेझिनमध्येही गाठ पडते. त्याच बॉडिपीवर दोन ब्रोमीन किंवा आयोडीन बसवले की तो ट्रिपलेटकडे वळतो. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन शाखेत झॅकरायाह पेज यांच्या गटाने २०२० मध्ये दृश्य प्रकाशावर, अगदी मंद दिव्याखाली, १०० मायक्रॉनहून बारीक तपशिलाचे प्रिंट काढून दाखवले ते दृश्य प्रकाश शोषणाऱ्या रंगद्रव्यांच्या आणि सह-इनिशिएटरच्या (आयोडोनियम, बोरेट) जोरावर.

म्हणून संगणकावर मोजायचं ते असं : सिंगलेट आणि ट्रिपलेटच्या ऊर्जा, त्यांच्यातलं अंतर, त्यांना जोडणारं स्पिन-ऑर्बिट कपलिंग (इलेक्ट्रॉनचा स्पिन उलटायला मदत करणारा परिणाम) आणि ट्रिपलेट अवस्थेतली इलेक्ट्रॉन द्यायची-घ्यायची ताकद. रंगाचा नंबर यानंतर.

---

सराफगल्ली

ताई, धागा वाचून बरं वाटलं, आमच्या धंद्यावर एवढं कोणी लिहीत नाही. माझा अनुभव सांगतो. अंगठीचे खडे धरणारे नखे प्रिंटमध्ये सुंदर येतात, पण कास्टिंगनंतर त्यांच्या मुळाशी सोनं खडबडीत, बारीक खड्डे पडलेलं निघतं. नेमका तोच भाग रेतमारी करून साफ करता येत नाही, नख तुटतं. रेझिन विकणारा म्हणतो बर्नआउट (भट्टीत रेझिन जाळून साचा रिकामा करणं) नीट करा. कारागीर म्हणतो रेझिनच खराब. तुमचा सेन्सिटायझर सेंद्रिय आहे, त्यात धातू नाही, म्हणजे राख कमी राहील का?

---

तापीकाठची

दादा, राखेचा प्रश्न बरोबर आहे, पण सेन्सिटायझरला त्याचं फार श्रेय देता येणार नाही. रुथेनियम-इरिडियमवाले सेन्सिटायझर असतात आणि त्यांचा धातू जळून जात नाही हे खरं, पण ते इतक्या थोड्या प्रमाणात घालतात की सोन्यावर खड्डे पडण्याचं कारण तिथे शोधू नये. सेंद्रिय रेणूकडे वळण्याची कारणं किंमत आणि विषारीपणा ही जास्त खरी आहेत.

तुमच्या नखांच्या मुळाशी जे होतंय त्याचं एक नेहमीचं कारण अर्धवट घट्ट झालेलं रेझिन. मुळाशी कोपरा असतो, तिथे धुताना पातळ रेझिन अडकून राहतं आणि नंतरच्या यूव्ही पेटीत प्रकाश नीट पोचत नाही. न जुळलेला मोनोमर ओल्या प्लास्टरच्या संपर्कात आला की प्लास्टरचा पृष्ठभाग तिथे नीट बसत नाही, आणि त्याचीच छाप सोन्यावर उतरते. धुणं दोन टप्प्यांत करा, दुसऱ्या टप्प्याला ताजं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घ्या. वाऱ्याने पूर्ण वाळल्याशिवाय पेटीत घालू नका, आणि पेटीत पीस उलटापालटा करा.

सेन्सिटायझरचा संबंध इथे येतो. जास्त आत पोचणारा प्रकाश आणि जास्त टिकणारी ट्रिपलेट असेल तर कोपऱ्यातल्या मोनोमरचं रूपांतर वाढतं. पण आज तुमच्या कामाला ४०५ पुरेसं आहे, त्यासाठी नवा प्रिंटर घ्या असं मी म्हणणार नाही.

---

डॉ_पांझरा

धुळ्यात दंतवैद्य आहे. आमच्याकडे हीच केमिस्ट्री रोज रुग्णाच्या तोंडात चालते. दात भरायच्या कॉम्पोझिटमध्ये कॅम्फरक्विनोन असतं, सोबत अमाइन, आणि वरून निळा दिवा. कॅम्फरक्विनोनचं शोषण ४६८ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक. ते पिवळं असतं, त्यामुळे पुढच्या दातांवर पांढऱ्या छटेत भरताना रंग जुळवणं अवघड जातं. म्हणून काही कंपन्या त्यात टीपीओ मिसळतात, पण मग नुसत्या निळ्या दिव्याने भागत नाही, जांभळाही देणारा दिवा लागतो. दिवा जुना आणि कॉम्पोझिट नवं अशी जोडी असली की वरचा थर कडक आणि खालचा मऊ, आणि ते रुग्णाला कळतं वर्षभराने, दात पुन्हा किडल्यावर. दोन मिलिमीटरच्या थरांनी भरा असं आम्हाला शिकवतात ते याचसाठी.

कॅम्फरक्विनोनला बिनरंगी पर्याय संगणकावर शोधता येईल का?

---

तापीकाठची

डॉक्टरसाहेब, निळा प्रकाश शोषणारा रेणू पिवळा दिसणारच, त्यातून सुटका नाही. मार्ग दोन. एक, काम झाल्यावर स्वतःचा रंग घालवणारा रेणू घेणं. टीपीओ तसं करतं, बंध तुटला की शोषणही जातं, आणि त्यामुळे प्रकाश पुढच्या थरापर्यंत पोचतो. दोन, इतक्या कमी मात्रेत काम करणारा रेणू, की रंग नजरेत भरू नये. कॅम्फरक्विनोनचं शोषण मुळात फार दुबळं आहे, कारण ते ऑक्सिजनच्या एकाकी जोडीतून होणारं संक्रमण आहे. पण याच कारणामुळे तो ट्रिपलेटमध्ये छान उतरतो. एल-सय्यद यांचा नियम असा, की सिंगलेटमधून ट्रिपलेटमध्ये जाताना ऑर्बिटलचा प्रकार बदलत असेल तर ते संक्रमण वेगाने होतं. बेंझोफिनोनमध्ये ते काही पिकोसेकंदांत उरकतं.

जर्मेनियम असलेले इनिशिएटर दातांच्या कॉम्पोझिटमध्ये आलेच आहेत. ते कॅम्फरक्विनोनपेक्षा पुष्कळ जोरात शोषतात आणि अमाइनशिवाय काम करतात. म्हणजे आज तुम्हाला हवा तो पर्याय अंशतः बाजारात आहे.

---

चोपडेकर

मूळ चोपड्याचा, आता अंकलेश्वरला रंगद्रव्यांच्या कारखान्यात. आयुष्य रंग बनवण्यात गेलं, म्हणून स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

संगणकवाल्यांचे रेणू आमच्याकडे येतात तेव्हा तीन गोष्टी हमखास सुटलेल्या असतात. पहिली, रेणू मोनोमरमध्ये विरघळतच नाही. सपाट, मोठा, सुगंधी कड्यांचा रेणू असला की तो एकमेकांवर थर रचतो, शोषण सरकतं आणि ट्रिपलेट वाया जाते. तुमची गणितं एका एकट्या रेणूवर असतात. दुसरी, बनवायला सात-आठ पायऱ्या, त्यात एक पॅलेडियमची आणि एक कॉलमची (नळीतून गाळून शुद्ध करायची). किलोचा भाव ऐकून कोणी पुढे येत नाही. तिसरी म्हणजे तुमच्या टीडी-डीएफटीवरचा (उत्तेजित अवस्थांची ऊर्जा काढायची संगणकी पद्धत) विश्वास. बॉडिपीसारख्या रेणूंच्या बाबतीत ती पद्धत ऊर्जा ०.३ इलेक्ट्रॉन व्होल्टने किंवा त्याहूनही जास्त फुगवून सांगते, हे तुमचेच लोक लिहितात. ०.३ म्हणजे किती? हिरव्या ५३० च्या जागी निळं ४७०. एवढ्या चुकीवर एलईडी कोणता विकत घ्यायचा हेही ठरत नाही.

---

तापीकाठची

चोपडेकर सर, राग कसला, हेच हवं होतं. तिसऱ्या मुद्द्यापासून सुरू करते.

बॉडिपीची चूक खरी आहे आणि ती मोठी आहे. पण ती एका दिशेची आहे. ज्यांचं शोषण प्रयोगाने मोजलेलं आहे असे एकाच कुटुंबातले रंग घेतले, त्यांच्यावर गणित केलं आणि आलेल्या फरकाची सरळ रेषा बसवली, तर त्याच कुटुंबातल्या नव्या रेणूसाठी दुरुस्त आकडा पुष्कळ जवळ येतो. दाता (इलेक्ट्रॉन देणारा) आणि ग्राही (घेणारा) असे दोन भाग असलेल्या रेणूत गोष्ट वेगळी. तिथे बी३एलवायपी हे नेहमीचं फंक्शनल (गणितातलं अंदाजाचं सूत्र) इलेक्ट्रॉनच्या स्थलांतराची ऊर्जा फार कमी दाखवतं, म्हणून अंतरानुसार बदलणारी फंक्शनलं लागतात, कॅम-बी३एलवायपी किंवा ओमेगाबी९७एक्स-डी. ट्रिपलेटच्या ऊर्जेसाठी मी टॅम-डँकॉफ पद्धत (टीडी-डीएफटीचंच सोपं रूप) वापरते आणि जिथे जमेल तिथे ट्रिपलेटची भूमिती स्वतंत्र शोधून थेट फरक काढते. सगळ्या कामाला एकच पद्धत वापरणाऱ्यांचे आकडे मीही मानत नाही.

विरघळण्याबद्दल तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. म्हणून मी वळलेल्या (सपाट नसलेल्या) रेणूंच्या बाजूची आहे, आणि त्याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ब्रोमीन-आयोडीन बसवून ट्रिपलेट मिळते, पण कार्बन-आयोडीन बंध प्रकाशात तुटू शकतो आणि अवजड हॅलोजनवाल्या रेणूंच्या विषारीपणाचाही प्रश्न असतो. दाता आणि ग्राही एकमेकांशी काटकोनात ठेवले, तर इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे जाताना ऑर्बिटलची दिशाच फिरते आणि अवजड अणूशिवाय ट्रिपलेटचा रस्ता उघडतो. एकमेकांना काटकोनात जोडलेली बॉडिपीची जोडी अशीच चालते. आणि काटकोनातला रेणू थर रचत नाही, त्यामुळे विरघळतोही बरा. ट्रिपलेटमध्ये उतरण्याचा दर हा कपलिंगच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे कपलिंग दहापट झालं की दर शंभरपट. भूमितीतला थोडा बदलही प्रयोगात ठळक दिसतो तो यामुळे.

संगणकाने आधी सांगितलं आणि प्रयोगाने मग दाखवलं अशी उदाहरणं आहेत. गॅरेट मियाके आणि चार्ल्स मसग्रेव्ह यांच्या गटांनी डायहायड्रोफिनॅझिन कुटुंबाचं गणित करून ट्रिपलेटमधला इलेक्ट्रॉन कुठे बसतो ते पाहिलं, त्यानुसार बाजूचे गट निवडले आणि २०१६ मध्ये 'सायन्स'मध्ये धातूविना नियंत्रित पॉलिमरायझेशन (साखळ्यांची लांबी ताब्यात ठेवून वाढवणं) दाखवलं. २०१८ मध्ये कोरियातल्या क्वॉन यांच्या गटाने 'नेचर कॅटॅलिसिस'मध्ये वळलेल्या दाता-ग्राही रेणूंची अशीच आधी संगणकावर छाननी केली, आणि निवडलेले रेणू पीपीएमच्या (दहा लाखांत काही भाग) पातळीवर चालले. ही दोन्ही उदाहरणं नियंत्रित पॉलिमरायझेशनची आहेत, प्रिंटिंगची नाहीत. पण ट्रिपलेटचं गणित तेच.

---

चोपडेकर

एका कुटुंबाच्या आत सरळ रेषा बसते, मान्य. पण तुम्ही बॉडिपी, फिनॅझिन आणि थायोझँथोन एकाच तक्त्यात टाकून क्रमवारी लावली तर ती मी मानणार नाही. प्रत्येक कुटुंबाची चूक वेगळी, मग क्रम कसला? शोधनिबंधांत हजारो रेणूंची छाननी म्हणून जे येतं त्यात हेच केलेलं असतं. गणित म्हणजे चाळणी, आणि भोकं वेगवेगळ्या मापाची असली तर खाली काय पडलं याला अर्थ नाही.

आणि अजून एक. ऑक्सिजन. तुमची ट्रिपलेट जितकी जास्त टिकते तितकी ती हवेतल्या ऑक्सिजनला जास्त सापडते. ते गणितात कुठे आहे?

---

तापीकाठची

पहिल्या मुद्द्यावर माझं मत तुमच्याच बाजूला. कुटुंबाबाहेर क्रमवारी लावू नये. कुटुंब बदललं की दुरुस्ती नव्याने बसवावी, किंवा निदान एक-दोन रेणूंवर जास्त अचूक आणि जास्त महागडी पद्धत चालवून ताळा घ्यावा.

ऑक्सिजनचं म्हणणं महत्त्वाचं आहे. ऑक्सिजन मुळातच ट्रिपलेट आहे आणि त्याला उत्तेजित व्हायला फक्त ०.९८ इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात, म्हणून आपल्या कामाच्या जवळजवळ प्रत्येक ट्रिपलेटला तो विझवू शकतो. शिवाय अ‍ॅक्रिलेटची वाढती साखळीही तो अडवतो. पण व्हॅटच्या (प्रिंटरमधल्या रेझिनच्या भांड्याच्या) तळाशी, फिल्म आणि प्लेटच्या मधल्या पातळ थरात, विरघळलेला ऑक्सिजन मर्यादित असतो. पहिल्या क्षणात तो खर्ची पडतो आणि मग काम सुरू होतं. खरी शर्यत आयोडोनियम आणि ऑक्सिजनमधली आहे, आणि आयोडोनियमचं प्रमाण कितीतरी जास्त असतं. मोजायचं ते हे, की ट्रिपलेटकडून आयोडोनियमकडे इलेक्ट्रॉन जाणं ऊर्जेच्या दृष्टीने पुरेसं उताराचं आहे का. रेम-वेलर समीकरणात ऑक्सिडेशन पोटेन्शियल, ग्राहीचं रिडक्शन पोटेन्शियल आणि ट्रिपलेटची ऊर्जा टाकून ते निघतं. उतार पुरेसा असेल तर प्रत्येक गाठभेटीत इलेक्ट्रॉन जातो. उतार नसेल तर ट्रिपलेट कितीही टिको, ती ऑक्सिजनलाच जाणार. तांबड्या प्रकाशाकडे जाताना सगळ्यात आधी नेमकं हेच गळतं, कारण ट्रिपलेटची ऊर्जाच दीड इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास उतरलेली असते.

---

भुसावळ_फ्लेक्स

आमच्या यूव्ही फ्लॅटबेड मशीनला ३९५ चा एलईडी दिवा आहे. शाईच्या डब्यावर टीपीओ आणि आयटीएक्स लिहिलेलं वाचलं. केळीच्या खोक्यांवर ही शाई चालेल का असं एक गिऱ्हाईक विचारत होतं. मी नाही म्हणालो, पण कारण नीट सांगता आलं नाही.

---

तापीकाठची

नाही म्हणालात ते योग्यच. आयटीएक्स म्हणजे आयसोप्रोपिल थायोझँथोन. २००५ मध्ये इटलीत तान्ह्या बाळांच्या दुधात ते सापडलं होतं, पॅकिंगवरच्या शाईतून उतरलेलं. लहान रेणू घट्ट झालेल्या शाईतही पूर्ण अडकत नाहीत, कागद-पुठ्ठ्यातून हळूहळू सरकतात. खाद्यपदार्थांसाठी कमी स्थलांतराच्या शाया वेगळ्या मिळतात. त्यांत इनिशिएटर मोठ्या साखळीला बांधलेला असतो. पुरवठादाराकडून तसं लेखी घेतल्याशिवाय केळीच्या खोक्याला हात लावू नका.

रेणू रचणाऱ्यांसाठी यात धडा आहे. रेणूच्या एका टोकाला मेथाक्रिलेटचा गट ठेवला तर तो जाळ्यातच विणला जातो आणि बाहेर येत नाही. तो गट शोषणाला धक्का लावतो का हे अर्ध्या दिवसाच्या गणितात कळतं, आणि ते आधीच करून ठेवावं.

---

शहादेकर

ताई, भलतं भारी लिखेल शे. एम.एस्सी. पहिल्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजला सुपरकॉम्प्युटर नाही, माझ्याकडे आठ जीबीचा लॅपटॉप आहे. त्यावर काही होईल का? आणि आता एआय सगळं करतं म्हणतात, मग हे क्वांटम केमिस्ट्री शिकण्यात वेळ घालवावा का?

---

सातपुड्यापल्याड

यावलचा, सध्या पुण्यात पीएच.डी. याच विषयाच्या जवळपास काम करतो म्हणून ताईंच्या आधी उत्तर देतो.

आठ जीबीवर होईल. ऑर्का नावाचं सॉफ्टवेअर शैक्षणिक कामासाठी मोफत आहे, जर्मनीतल्या फ्रांक नेझे यांच्या गटाचं. बॉन विद्यापीठाच्या श्टेफान ग्रिमे यांच्या गटाचं एक्सटीबी तर पूर्ण मुक्त आहे, त्यावर मध्यम आकाराच्या रेणूची भूमिती तुझ्या लॅपटॉपवर मिनिटभरात सुधारते. रेणू काढायला आवोगाड्रो. सुरुवात बेंझोफिनोनपासून कर, मग थायोझँथोन, मग साधा बॉडिपी, मग दोन ब्रोमीनचा बॉडिपी. चारही रेणूंची प्रयोगातली मोजमापं छापलेली आहेत, तुझे आकडे त्यांच्याशी ताडून बघ. ब्रोमीन लावल्यावर शोषण किती सरकलं आणि स्पिन-ऑर्बिट कपलिंग किती वाढलं हे शेजारी शेजारी लिहिलंस की ताई वर काय म्हणतात ते हातात येईल. टीडी-डीएफटीला लॅपटॉपवर काही तास लागतील, रात्री लावून झोप. फक्त चार्जर लावून ठेव आणि वीज गेली तर पुढून सुरू करता येईल अशी फाइल जपून ठेव. मोठं काम आलं की गाईडमार्फत राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनच्या यंत्रांवर वेळ मागता येतो. पुण्याच्या आयसरमधलं परम ब्रह्म त्यातलंच.

आणि ज्या पद्धतीवर हे चालतं ती डीएफटी जुनीच आहे. कोन आणि शाम यांचा निबंध १९६५ चा. उत्तेजित अवस्थांसाठी तिचा विस्तार रुंगे आणि ग्रॉस यांनी केला तो १९८४ मध्ये, आणि त्याच वर्षी चार्ल्स हल यांनी अमेरिकेत स्टिरिओलिथोग्राफीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याआधी जपानमध्ये नागोयाला हिदेओ कोदामा यांनी प्रकाशाने रेझिनचे थर रचून वस्तू बनवून दाखवल्या होत्या. गणित आणि यंत्र दोन्ही चाळीस वर्षांचे आहेत, एकमेकांच्या कामाला आले ते फार नंतर.

---

तापीकाठची

वर सगळं नीट सांगितलंय, एआयबद्दल तेवढं लिहिते. मशीन लर्निंगला शिकायला डेटा लागतो. रंगांच्या शोषणाचा प्रयोगातला डेटा भरपूर आहे, म्हणून रंगाचा अंदाज यंत्र बऱ्यापैकी लावतं. ट्रिपलेट किती तयार झाली याची मोजमापं त्या मानाने थोडी आहेत, वेगवेगळ्या द्रावकांत आणि वेगवेगळ्या पद्धतींनी घेतलेली आहेत, आणि दाट रेझिनमधली तर फारच थोडी. त्यामुळे यंत्र पुन्हा रंगावरच रेणू निवडून देतं, आणि आपण होतो तिथेच राहतो. म्हणून क्वांटम केमिस्ट्री शीक. यंत्राला खायला जो डेटा लागतो तो बनवणारे हात कमी आहेत, आणि त्यासाठी शहाद्यातला लॅपटॉपही चालतो.

---

डॉ_पांझरा

शहादेकर, कॅम्फरक्विनोनही घे तुझ्या यादीत. लहान रेणू आहे, लवकर होईल. आकडे आले की इथे टाक, मला खरंच बघायचे आहेत.

---

चोपडेकर

ताई, तुमच्याकडचे वळलेले तीन-चार रेणू मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. बनवायला किती पायऱ्या, कच्चा माल अंकलेश्वर-वापीत मिळतो की नाही, आणि कुठली पायरी मोठ्या प्रमाणावर अडेल हे मी कागदावर लिहून देतो. ज्याला तीनपेक्षा जास्त पायऱ्या लागतील तो मी आधीच बाजूला काढेन. गणित करायच्या आधी हे विचारलंत तर तुमचा मशीनचा वेळही वाचेल.

---

तापीकाठची

सर, आजच पाठवते. यातल्या दोघांचा ग्राही भाग थायोझँथोनवरूनच आलेला आहे, तो तुमच्याकडे सहज मिळावा. न चाललेल्या रेणूंचे आकडेही इथेच टाकेन, कारण ते छापून येत नाहीत आणि पुढचा माणूस तोच रेणू पुन्हा करत बसतो.

---

सराफगल्ली

ताई, शेवटचं. नवीन रेझिन आलं की एक्सपोजर किती ठेवायचं हे आम्ही अंदाजाने ठरवतो, दोन-तीन पीस वाया जातात. यावर काही सोपी रीत आहे का? आणि उन्हाळ्यात बाटली कशी ठेवायची तेही सांगा.

---

तापीकाठची

आहे, आणि तुमच्या दुकानातच होते. रिकाम्या व्हॅटमध्ये थोडं रेझिन घ्या, प्लेट न लावता स्क्रीनवर पाच चौकोन दाखवा, प्रत्येकाला वेगळा वेळ : दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस सेकंद. तळाशी बसलेले पापुद्रे अलगद काढा, धुवा, आणि मायक्रोमीटरने जाडी मोजा. आलेखावर उभी जाडी आणि आडवा वेळेचा नैसर्गिक लॉगॅरिदम (ln) घेतला की ठिपके साधारण सरळ रेषेत येतात. रेषेचा उतार म्हणजे प्रकाश किती खोल शिरतो ते माप, आणि रेषा खालच्या अक्षाला जिथे छेदते तो घट्ट व्हायला लागणारा किमान वेळ. थर ५० मायक्रॉनचा असेल तर जाडी त्याहून थोडी जास्त मिळेल इतका वेळ ठेवा, म्हणजे थर एकमेकांना धरतात. शिरण्याचं माप थराच्या कितीतरी पट आलं तर नक्षीच्या बारीक जाळ्या भरून येणार, त्या रेझिनमध्ये प्रकाश अडवणारा रंग कमी आहे असं समजा.

मी नवा सेन्सिटायझर तपासते तेव्हा हीच चाचणी पहिली करते. गणितात सुंदर दिसणारा रेणू या पापुद्र्यावर टिकला तरच पुढे जातो.

बाटलीबद्दल : सावलीत, गार जागी, आणि काठोकाठ भरून ठेवू नका. त्यात घातलेल्या स्थिरकाला काम करायला विरघळलेला ऑक्सिजन लागतो, म्हणून वर थोडी हवा हवीच. वापरलेलं रेझिन गाळूनही मूळ बाटलीत परत ओतू नका, वेगळी काळी बाटली ठेवा. आणि चाचणीच्या कागदावर त्या दिवशीचं दुकानातलं तापमान लिहा. आपल्याकडे मे महिन्यात रेझिन पातळ होतं, जानेवारीत दाट, त्यामुळे दोन्ही ऋतूंत चाचणी वेगळी करावी लागेल.